गुळव्याचं बोट

बोटाच्या थेंबावर साखर सांगणारी तीन यंत्रं आमच्या रुग्णालयात पारखायला आली, तेव्हा मला मनातून बरंच वाटलं. मी प्रयोगशाळेत रक्त तपासते आणि त्या टीचभर यंत्रांवर माझा कधीच विश्वास नव्हता. काम सोपं होतं. बोट टोचून तिन्ही यंत्रांवर आकडा घ्यायचा, लगेच शिरेतलं रक्त काढून आतल्या मोठ्या मशीनवर लावायचं, फरक वहीत लिहायचा. फार फरक पडला की यंत्र बाद.

दुसऱ्या दिवशी राहुरीकडचे एक म्हातारे गुळवे सुनेसोबत आले. गुऱ्हाळावर काहिलीतला पाक नेमका कधी उतरवायचा, हे ते सांगतात. गेले सहा महिने त्यांची साखर चढीच होती. दर महिन्याला मीच बोट टोचून आमच्या जुन्या यंत्रावर आकडा घ्यायचे, तो बघून डॉक्टर गोळ्या वाढवायचे.

"लई गरगरतंय ताई," ते म्हणाले.

सून म्हणाली, "काहिलीवर वाकले की मी कमरेला उपरणं बांधून मागनं धरते. उकळत्या पाकात गेले म्हंजी?"

"गोळ्या चुकवत असतील," मी न बघताच म्हणाले. स्पिरिटचा बोळा फिरवला, टोचलं. तिन्ही यंत्रांवर आकडा अडीचशेच्या वर. थोड्या वेळाने मोठ्या मशीनचा आला: पंचावन्न. मी जवळजवळ आनंदाने वहीत 'तिन्ही बाद' असं लिहायला घेतलं.

मग त्यांच्याकडे पाहिलं. कपाळावर घाम, हात थरथरत होते. पंचावन्नच खरं होतं, साखर पार उतरली होती. डॉक्टरांना हाक मारली, साखरपाणी पाजलं. पाचेक मिनिटांत म्हातारबा सावरले आणि टोचलेलं बोट उगाच चोळत बसले.

"ह्येच बोट लागतं का हो तुमाला? माझं कामाचं हाय ते."

"कसलं काम?"

"पाक बघायचं. पान्यात बुडवायचं, लगेच काहिलीत. तार सुटली का उतरवायचं. सकाळीच एक काहील उतरवून आलो."

मी ते बोट धरून पाहिलं. चिकट होतं. नखाच्या कडेला गूळ वाळलेला.

आधी साबणाने हात धुवायला लावायचे, हे मला शिकवलेलं होतं. स्पिरिटने जंतू मरतात, गूळ निघत नाही. पण रांग मोठी असते म्हणून मी वर्षानुवर्षं बोळ्यावर भागवत आले होते. सहा महिने मी त्या माणसाच्या बोटावरचा गूळ मोजला आणि त्याने गोळ्या खाल्ल्या. मला फार लाज वाटली.

त्यांचा हात धुतला, पुन्हा टोचलं, पुन्हा शिरेतलं रक्त घेतलं. या खेपेला चारही आकडे जुळले. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या. वहीत मी लिहिलं, 'यंत्रं ठीक. दोष टोचणारीचा.' चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला मी निघालेच होते.

पुढच्या महिन्यात ते एकटेच आले. गरगरणं थांबलं होतं, उपरणं खांद्यावर होतं. त्यांनी ओला हात पुढे केला.

"धुतलाय. पन तुमी परत धुवून घ्या ताई," ते म्हणाले. "तुमचा भरवसा न्हाई."

मी साबण आणला.