घरगुती कारणास्तव

बारावीच्या वर्गात मी फळ्यावर तीन रकाने आखले. सामाजिक, नैतिक, आर्थिक. उतारा वाचायचा, त्यातल्या समस्या शोधायच्या आणि ज्या त्या रकान्यात लिहायच्या, एवढंच काम. कुरखेड्याला मराठी शिकवायला लागून मला नऊ वर्षं झाली होती आणि नऊही वर्षं पोरं या प्रश्नात माती खात होती. 'ही फार गंभीर समस्या आहे' असं सगळे लिहायचे. कोणती, ते कोणी लिहीत नसे.

"सामाजिक म्हणजे काय?" मी विचारलं.

दुसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. "मॅडम, ज्याच्यात पहिले भांडण होते, मंग जोकर येते, अन् आखरीले सगळे रडतेत, ते सामाजिक."

कोणी हसलं नाही, कारण सगळ्यांना ते पटलं होतं. आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की गावोगाव नाटकं लागतात आणि बसस्टँडच्या भिंतीवरच्या प्रत्येक पोस्टरवर 'तीन अंकी सामाजिक नाटक' असं छापलेलं असतं. पोरांनी हा शब्द आयुष्यात तेवढ्याच ठिकाणी पाहिला होता.

"बरं. आर्थिक म्हणजे?"

"ज्याचं तिकीट ज्यादा हाय, ते," मागून उत्तर आलं.

"आणि नैतिक?"

यावर पोरं वह्या चाळायला लागली. ते कुठल्याच पोस्टरवर नसतं. माझं डोकं सणकलं. मी मूळची गडचांदूरची. सिमेंट कारखान्याच्या धुळीत आणि खडखडाटात वाढले, दोरीवर वाळलेले कपडे झटकून घालायची सवय. त्यामुळे की काय, माझा आवाज मुळातच मोठा आहे आणि चिडले की शेजारच्या भूगोलाच्या वर्गाला माझ्याकडचं मराठी ऐकू जातं. त्या दिवशी भूगोलाचं बरंच मराठी झालं.

पण ती दुसऱ्या बाकावरची मुलगी माझ्या मनात भरली होती. चुकीचं का होईना, स्वतःचं उत्तर देणारी वर्गात ती एकटीच. तिच्या घरात मुलींपैकी कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. मी तिला सांगून टाकलं होतं, "तू बारावी काढणार. तुला नाही काढायची असली तरी मी काढून घेणार." ती म्हणाली, "हो जी." आमच्याकडे 'हो जी' म्हटलं की पुढे काही बोलायचं राहत नाही.

जानेवारीत मी अर्जलेखन शिकवलं. तिथे माझा नियम कडक. विषय एका ओळीत, तारखा बरोबर, आणि कारण थोडक्यात. पोरं रजेच्या अर्जात सगळी घरची गोष्ट लिहायची. बैल कोणाचा, तो कोणाच्या बांधात गेला, मग काका काय म्हणाले. शिवाय 'का' लिहायचं तिथे 'काऊन' लिहायची. मी 'काऊन' दिसलं की लाल पेनानं काट मारायचे. "घरचं पुराण अर्जात नको," मी म्हणायचे. "घरगुती कारणास्तव. दोन शब्द. संपला विषय." हे त्यांना लगेच जमलं. नऊ वर्षांत माझी एवढी एकच शिकवण पूर्ण वर्गाला एका दिवसात समजली.

त्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत पोरांनी माझ्यापुढे सह्यांचे कागद धरले, नेहमीसारखे. त्यात तिचाही रजेचा अर्ज होता. मी सही केली. ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली. मी म्हटलं, "झालं ना? जा मग." ती गेली. दुसऱ्या दिवसापासून दुसरा बाक अर्धा रिकामा दिसायला लागला. मला वाटलं, ताप असेल.

फेब्रुवारी लागला आणि एके दिवशी झेरॉक्सचं दुकान बंद निघालं. वर्गात द्यायला उतारा नव्हता. मी चिडून ऑफिसातल्या फाईलमधून हाताला आला तो कागद ओढला. रजेचा अर्ज होता, अक्षर सुरेख. म्हटलं, झकास. काही उताऱ्यांत समस्या नसतेच, नसेल तर 'नाही' लिहायचं धाडस पाहिजे, हे आज शिकवू. मी कागदाचा खालचा भाग नावासकट न बघताच मुडपून अंगठ्याखाली दाबला आणि वाचून दाखवलं: 'विषय: रजा मिळणेबाबत. महोदया, वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज सादर करते की, घरगुती कारणास्तव मला खालील तारखांना रजा मंजूर व्हावी.' पुढे तारखा.

"सांगा, यात कोणती समस्या आहे?"

मी 'नाही' या उत्तराची वाट पाहत होते. खिडकीजवळचा पोरगा म्हणाला, "आर्थिक हाय मॅडम. जानेवारी ते मार्च म्हणजे मिरच्या."

"कसल्या मिरच्या?"

"तेलंगणात मिरच्या तोडाले गेले जी ते. धान एकदाच होते, मंग बाकीचे दिवस काय खातीन?"

मी आर्थिकच्या रकान्यात लिहिलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा कोणी कोणती ते सांगितलं होतं, म्हणून मला आनंदही झाला. लाज वाटते सांगायला, पण झाला.

"सामाजिक पण हाय," पहिल्या बाकावरची एक म्हणाली. "तिचा मोठा भाऊ गडचिरोलीले होस्टेलात शिकते. त्याले नाई नेलं. पोरीले नेलं, सैपाकाले."

'तिचा' म्हटलं तेव्हा मी अंगठा उचलून नाव पाहिलं. मग तारखा पाहिल्या. बारावीची परीक्षा त्या तारखांच्या अगदी पोटात येत होती. मी कागद टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसले.

पहिल्या बाकावरचीनं पुढे वाकून तो ओढून घेतला आणि उरलेलं मोठ्यानं वाचलं. खाली लाल पेनानं मीच लिहिलेलं होतं: 'मंजूर. बाबद नव्हे, बाबत.' त्याखाली माझी सही, आणि सवयीनं, पाचपैकी पाच.

"मॅडम," ती म्हणाली, "हे नैतिकमध्ये येते का?"

तिनं खरोखरच विचारलं होतं, टोमणा नव्हता. मी हो म्हटलं आणि तो रकाना तिलाच भरायला लावला.

कॉलेज सुटल्यावर स्कूटी काढली आणि अर्ज पर्समध्ये घालून तिच्या गावाला गेले. घराला कुलूप. शेजारी तिची मोठी आई, म्हणजे बापाच्या मोठ्या भावाची बायको, अंगणात तूर झोडपत होती. मी कोण ते सांगितल्यावर तिनं खाट टाकली, पाणी दिलं आणि त्यांना मजुरीला घेऊन गेलेल्या मुकादमाच्या नंबरवर फोन लावला. तिकडे कोणीतरी तेलुगूत ओरडलं, बराच वेळ गेला, मग पोरीचा आवाज आला.

"अगं, परीक्षा आहे ना तुझी!" मी एकदम आवाज चढवला. "कशी काय गेलीस तू?"

"रजा तं तुमीच मंजूर केली मॅडम."

"तू बोलली का नाहीस?"

"मले वाटलं तुमी 'काऊन' म्हणान."

फोन बापानं घेतला. तो शांतपणे बोलत होता, रागावला नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. "बाई, मी पोरीले पहिलेच म्हटलं होतं. तुई मॅडम सोडते तं चाल, नाई सोडत तं मोठ्या मायजवळ राय, आमी कसंबी करून घेऊ. तिनं तुमची सही आणून दाखवली. रडत होती. मी म्हटलं, आता काऊन रडतं वो, मॅडमनं तं सोडलं."

मी खाटेवर बसून राहिले. मोठी आई झोडपायची थांबली.

"ती मंजुरी मी रद्द केली," शेवटी मी म्हटलं. "तिला पाठवा."

"मले काई नाई. पण मुकादमाले कागद दाखवा लागन."

कागद माझ्याकडे होताच. पर्समधून लाल पेन काढलं, 'मंजूर' वर काट मारली, 'नामंजूर' लिहिलं, पाचपैकी पाच खोडलं आणि फोटो काढून मुकादमाच्या मोबाईलवर पाठवला. मोठी आई म्हणाली, "इथीच राहीन ते माझ्याजवळ. पण मॅडम, आता पास करा बरं तिले." मी म्हटलं, "हो जी."

परत जाताना मला विश्वास नव्हता. मिरच्या अर्ध्यावर सोडून कोण येतं?

हॉल तिकीट वाटायच्या दिवशी वर्ग माझ्या टेबलाभोवती जमला होता. तिचं तिकीट मी सगळ्यांच्या खाली ठेवलं होतं, म्हणजे ते उरलेलं दिसायला वेळ लागेल. तेवढ्यात ती दारात दिसली. चेहरा काळवंडलेला, बोटांना चिंधी गुंडाळलेली. तिखटाची आग जात नाही म्हणाली. तिनं घडी केलेला कागद पुढे केला. हजर व्हायचं तर अर्ज द्यायचा, हाही माझाच नियम.

विषय एका ओळीत होता. 'बाबत' बरोबर लिहिलं होतं. कारणाच्या जागी 'घरगुती' नव्हतं. तिथे लिहिलं होतं: 'मॅडमने नाही म्हटल्याकारणाने.'

मला वर्गापुढे रडायची सवय नाही. नाक ओढत मी तिचं तिकीट शोधायला लागले, आणि मीच खाली ठेवलेलं मला सापडेना. कोणाला तरी शोधून द्यायला सांगावं म्हणून वर पाहिलं तर पहिल्या बाकावरची ओढणीनं डोळे पुसत होती आणि खिडकीजवळचा पोरगा भिंतीकडे तोंड करून उभा होता.

दुसऱ्या बाकावरची तेवढी कोरडी होती. तिनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

"मॅडम," ती म्हणाली, "हे सामाजिक झालं."