वारा मागून होता

सरांना ती डोळ्यांसमोर नको असे, आणि तिला सर. प्रयोगशाळेत हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. समुद्रातून हवेत कोणते वायू किती उठतात, हे जहाजावर जाऊन मोजायला ती तीन वर्षांच्या करारावर लागली होती. करार वाढायचा तर सही सरांची, आणि मुदत संपायला उरले होते वीस दिवस.

जहाजावरचा नियम साधा होता. वारा मागून आला की हवा खेचणारा पंप बंद करायचा, नाहीतर जहाजाचाच धूर नळीत शिरतो. गेल्या सफरीत एका सकाळी उलट्यांनी ती आडवी झाली होती. उठून पंप बंद करेपर्यंत दोन तास गेले. चूक तिनं वहीत लिहून ठेवली: ‘वारा मागून. हे आकडे टाकून द्यावेत.’

सरांनी नेमके तेच आकडे उचलले. म्हणे, समुद्र अंदाजापेक्षा तिप्पट कार्बन मोनॉक्साइड सोडतो!

“सर, तो आपल्या जहाजाचा धूर आहे.”

“काल आलीस आणि मला शिकवतेस? शोधनिबंधावर पहिलं नाव तुझं टाकतोय. करारावर सोमवारी सही करतो. वहीतलं ते पान कोण मागतंय?”

आईनं फोनवर तिलाच झापलं. “पाण्यात राहून माशाशी वैर करू नये गं.”

“मासा कसला, मगर आहे तो मेला!” म्हणत तिनं फोन आपटला. दोन दिवस तिनं आईचा फोन उचलला नाही. भीती वाटत होती आणि भीती वाटते याचाच जास्त राग येत होता.

सोमवारी सगळ्या संस्थेसमोर सरांनी तो आलेख दाखवला. ती उठली.

“हे आकडे खोटे आहेत. तेव्हा वारा मागून होता. पंप मी उशिरा बंद केला, चूक माझी आहे. सरांना मी हे सांगितलं होतं.”

सरांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

“मला काहीही सांगितलं नव्हतं,” ते संचालकांकडे वळून शांतपणे म्हणाले. “असा निष्काळजीपणा मी खपवून घेत नाही. हिचा करार वाढणार नाही आणि शोधनिबंध मी आत्ताच मागे घेतो. सत्यापुढे आम्ही कुणाची गय करत नाही.”

संचालकांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. तिच्याच टेबलाशेजारी बसणाऱ्या मैत्रिणीनंही वाजवल्या, मान खाली घालून.