लुंग इन्तांच्या काचेचं रबर

लुंग म्हणजे काका, आणि लुंग इन्ता हे अख्ख्या गल्लीचे काका. त्यांनी गाडीची समोरची काच चिकट भाताने चिकटवली आहे, असं गल्लीत ठामपणे बोललं जातं. हे साफ खोटं आहे. भात बॉनेटवर सांडला होता, तोही जेवताना. काच जागच्या जागी होती. बदलायचं होतं ते तिच्याभोवतीचं रबर. चियांग माईचं ऊन खाऊन त्याचं सुकट झालं होतं.

"हॅं! यात आहे काय?" हे लुंगचं पेटंट वाक्य. आधी नाकातून हवा, मग उजवी भुवई, मग वाक्य. मी त्यांची नक्कल हुबेहूब करते. याच वाक्यानिशी त्यांनी आजवर एक पंखा, एक पंप आणि शेजाऱ्यांचा रेडिओ कायमचा शांत केला आहे.

गेल्या सोंगक्रानला, म्हणजे नववर्षाच्या पाणसणाला, सगळं शहर एकमेकांवर बादल्या उपड्या करत होतं, आणि लुंग आपल्या आईला, केवआजींना, विहारात नेत होते. पहिल्याच बादलीला काचेच्या फटीतून धार लागली ती थेट आजींच्या अंबाड्यात, ऑर्किडच्या फुलांवर.

"पुढच्या वर्षी मी शेजारच्या सुतिनबरोबर जाईन," आजी म्हणाल्या. "त्याची गाडी गाडीसारखी आहे."

सख्खी आई शेजाऱ्याच्या गाडीतून! लुंगनी वर्षभर ते वाक्य चघळलं आणि सण तोंडावर आल्यावर रबर आणलं.

"मेकॅनिककडे न्या की, लुंग," मी म्हटलं.

"हॅं! यात आहे काय?"

दुकानदाराने सांगितलं त्याहून थोडं कमीच घेतलं होतं. रबर ताणतं ना! त्यांनी ताणून बसवलं. सकाळपर्यंत रबराला आपली मूळ लांबी आठवली आणि वरच्या कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट पडली. आजींनी ओट्यावरून पाहिलं. "सुतिनला निरोप द्या रे कुणीतरी."

मग लुंग चक्क 'हॅं' न करता दुकानात गेले. पुन्हा रबर आणलं, या वेळी ऐसपैस. उन्हात टाकून मऊ केलं. काचेभोवतीची खाच ब्रशने घासली (तो ब्रश कुणाच्या दातांचा, हे आजींना अजून माहीत नाही). भांड्यांचा साबण लावून वर मधोमध सुरुवात केली आणि अजिबात न ताणता, अंगठ्याने आत ढकलत ढकलत कोपरे गाठले.

"पैज, लुंग! आजींवर थेंब पडला तर विहाराच्या अंगणात मी तुमची नक्कल करणार, आणि तुम्ही पुढे बसून बघायची."

"आणि नाही पडला, तर सणभर माझी नक्कल बंद. कळलं का, उंदरे?"

सणाच्या दिवशी आजी अखेर लुंगच्याच गाडीत बसल्या, पण आत छत्री उघडून. मागे मी, छत्रीच्या काड्यांपासून डोळे वाचवत. जुन्या शहराभोवतीच्या खंदकाकाठी बर्फाचं पाणी काचेवर आदळलं. दुसरी बादली. मग कुणीतरी पाइप धरला, तोही नेमका त्याच कोपऱ्यावर. लुंग रस्ता सोडून कोपराच बघत होते. एक थेंब आला नाही.

विहाराच्या फाटकाशी आजींनी छत्री मिटली. "बरंय," त्या म्हणाल्या. "गाडी जुनीच आहे म्हणा."

अंगणात बँकॉकहून आलेले नातेवाईक माझ्यामागे लागले, "ए, लुंग इन्ता कर ना!" पैज हरलेली मी ओठ मिटून उभी. तेव्हा लुंग स्वतःच उठले, नाकातून हवा सोडली, चुकीची भुवई उचलली. "हॅं! यात आहे काय?"

भिकार नक्कल होती. सगळ्यांत मोठ्याने आजी हसल्या.