चौथ्या आवर्तनातली टक

थॅडियस पर्नेलला कुणी "कसं काय?" असं नुसतं विचारलं तरी तो आधी मागे वळून बघायचा. हा मलाच विचारतोय ना? आणि विचारतोय तर का विचारतोय? तीस वर्षं त्यानं पश्चिम फिलाडेल्फियात चौतीस नंबरची ट्रॉली, म्हणजे रुळांवरची ट्राम, चालवली होती, आणि त्यातली निम्मी आरशात बघत. मागच्या दारानं कोण फुकट चढलं ते त्याला पावलाच्या आवाजावरून कळायचं. निवृत्त झाला तेव्हा ट्रॉली डेपोत गेली. आरसा मात्र त्याच्या डोक्यातच राहिला.

ही गोष्ट त्र्याऐंशी सालची. तेव्हा त्याचं वय सहासष्ट, बायको जाऊन अकरा वर्षं झालेली, आणि घरात कपाटभर जॅझच्या रेकॉर्डी. त्याही अशा तशा नाहीत. ज्या कुणालाच ठाऊक नाहीत अशाच त्याला हव्या असायच्या. कुठल्या तरी गावातल्या न्हाव्यानं हौसेखातर छापून घेतलेल्या, पाच-पंचवीस घरांत जाऊन विसरलेल्या. एखादा वाजवणारा चार लोकांना माहीत झाला की थॅडियसच्या मनातून उतरलाच. म्हणायचा, "हं, आता काय, आता सगळेच ऐकतील."

रेकॉर्ड कुठून आणली असं विचारलं की तो धडधडीत खोटी गल्ली सांगायचा. एकदा चर्चमधल्या डीकन होझियांना त्यानं असं पाठवलं होतं, तर ते बिचारे एक्क्याऐंशी वर्षांचे गृहस्थ काठी टेकत जाऊन पोचले चपलांच्या दुकानात. आणि डीकन बोलणार कसे, तर एका शब्दानंतर दुसरा शब्द पुढच्या ट्रॉलीनं येणार. "ब्रदर… पर्नेल… तिथं… चपला… बऱ्या… होत्या."

कपाटातल्या प्रत्येक वेष्टनाच्या पाठीवर थॅडियसनं काळी चिकटपट्टी लावली होती. नाव दिसायला नको. कुठली कुठे आहे ते फक्त त्याच्या डोक्यात. कपाटाला कुलूप.

मग असला माणूस ऐकवतो कुणाला? तर ऐकवायचा. गंमत तीच आहे. महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी त्याच्या धाकट्या बहिणीच्या, अर्नेस्टीनच्या तळघरात पिशवी क्लब भरायचा. प्रत्येकानं एक रेकॉर्ड आणायची, किराण्याच्या तपकिरी कागदी पिशवीत गुंडाळून, मधलं नाव झाकून. बाजू पूर्ण वाजून होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. मग ओळखायचं. कुणालाच ओळखता आली नाही तर आणणाऱ्याचा मान, आणि रताळ्याच्या पाईचा शेवटचा तुकडा त्याचा. इतरांपैकी कुणी वर्षात एकदा तो तुकडा खाल्ला तर खाल्ला. थॅडियस जवळजवळ दर महिन्याला खायचा. "पर्नेलचा कान" अशी म्हणच पडली होती त्या गल्लीत. तो म्हणाला की हा ढोलवाला डावखुरा आहे, तर तो डावखुराच असायचा.

पाई करायची कोण? अर्नेस्टीन. मासे तळायची कोण? अर्नेस्टीन. तळघर कुणाचं? तिचंच. आणि त्या तळघरात रेकॉर्डला हात लावायची बंदी एकटीलाच. तीही अर्नेस्टीनलाच.

कारण बावीस वर्षांपूर्वीचं. एकसष्टच्या थँक्सगिव्हिंगला टर्की खाऊन झाल्यावर थॅडियसनं आदल्याच दिवशी आणलेली एक रेकॉर्ड पिशवीतून काढून पहिल्यांदा लावली. एल्वुड टॉलिव्हर नावाचा सॅक्सोफोनवाला. कॅम्डेनच्या एका अंत्यविधीच्या दुकानवाल्यानं मोजक्याच प्रती छापलेल्या. मधे बासवाला आपलं ते खर्जातलं मोठं तंतुवाद्य एकटा वाजवायला लागला, अर्नेस्टीनला राहवेना, नव्या लाल टाचांच्या बुटांनी तिनं लाकडी जमिनीवर एक गिरकी घेतली, आणि त्याच क्षणी, बासच्या चौथ्या आवर्तनात, टक… टक… टक.

"उडवलीस ना सुई! पाडलास ना ओरखडा!"

"अरे मी हातभर लांब होते!"

"माझ्या कानांनी ऐकलं मी!"

पर्नेलच्या कानापुढे कुणाचं काय चालणार? तेव्हापासून अर्नेस्टीननं रेकॉर्डपासून चार पावलं लांब राहायचं, हा नियम. ती राहायची. पण दर पहिल्या शनिवारी मासे वाढताना एकदा तरी म्हणायची, "मी पाडलेला नाही हं तो ओरखडा." आणि थॅडियस काटा काढता काढता म्हणायचा, "असं का? बरं बरं."

त्या वसंतात क्लबात एक नवा माणूस आला. लेम्युएल ग्रिग्ज. बाल्टिमोरहून नुकताच आलेला, पन्नाशीचा, पियानोचे सूर जुळवणारा. बोलायचा असा, जणू शेजारच्या खोलीत कुणी आजारी झोपलंय. "मी… इथं बसलो तर चालेल ना?" हातरुमाल स्वतःचा. बशी स्वतः धुवायचा. थॅडियसच्या मनात पहिल्याच दिवशी पाल चुकचुकली. घरात आलेला पुरुष बशी स्वतः धुतो? का?

दुसऱ्या महिन्यात त्याला दिसलं की ग्रिग्ज खिशातल्या वहीत काहीतरी टिपतोय. कुणाकडे काय आहे ते. झालं. हा नक्की न्यूयॉर्कच्या दलालाचा माणूस. तिसऱ्या महिन्यात तर कमालच झाली. मधल्याच एका दिवशी ग्रिग्ज थॅडियसच्या दारात उभा. शेजारी पियानो जुळवायला आलो होतो म्हणे, न्हाणीघर वापरलं तर चालेल ना? थॅडियस न्हाणीघराबाहेर उभा राहून पाण्याचा आवाज मोजत राहिला. पाणी जरा जास्तच वेळ वाहिलं, असं त्याचं मत पडलं.

"अर्नेस्टीन, त्या माणसाला काढ क्लबातून."

"का? बशी धुतो म्हणून? तूही धूत जा की, तुलाही काढते."

आणि मग आला जूनचा पहिला शनिवार.

ग्रिग्जनं पिशवीत हात घातला, मधलं नाव झाकलेली रेकॉर्ड काढली, दोन बोटांत अलगद धरून ठेवली, सुई टेकवली. आधी नुसती खरखर. मग सॅक्सोफोन आला, आणि थॅडियसच्या हातातला माशाचा तुकडा हातातच राहिला.

टॉलिव्हर! त्याचा टॉलिव्हर!

या शहरात ती रेकॉर्ड एकाच माणसाकडे होती, आणि तो माणूस इथं मासा धरून बसला होता. पण बाजू संपेपर्यंत बोलायचं नाही, हा नियम त्यानंच घातलेला. नऊ मिनिटं. त्यानं ग्रिग्जकडे बघितलं. ग्रिग्जचे डोळे मिटलेले. अस्सं! चोर मांजर डोळे मिटूनच दूध पितं. त्या दिवशी पाणी वाहत होतं, पण पाणी वाहत असताना हा आत होता कशावरून? कुलूप? पियानोवाल्याकडे अवजारं असतात. बारीक बारीक असतात. नक्की असतात.

बासवाला एकटा वाजवायला लागला. पहिलं आवर्तन. दुसरं. तिसरं. थॅडियसनं श्वास धरला.

टक… टक… टक.

अर्नेस्टीनच्या हातातला झारा थांबला. डीकननी सावकाश मान वळवली. ती टक सगळ्यांना पाठ होती. बावीस वर्षं भांडण ऐकलेलं.

बाजू संपली, सुई उचलली गेली, आणि थॅडियस उठलाच. "एल्वुड टॉलिव्हर. कॅम्डेन. अठ्ठावन्न. आणि रेकॉर्ड माझी!"

"तुमच्याकडेही आहे?" ग्रिग्जचा चेहरा उजळला. "मला वाटलं होतं…"

"माझ्याकडे होती! तू येऊन न्हाणीघर वापरेपर्यंत होती!"

"थॅड!" अर्नेस्टीन म्हणाली.

"मी ही बाल्टिमोरला घेतली," ग्रिग्ज कुजबुजला. "एका बाईंनी नवऱ्याचं सामान अंगणात मांडलं होतं."

"असं का? बरं बरं. आणि ती टक? ती टक माझी आहे! माझ्या बहिणीनं स्वतःच्या टाचेनं पाडलेली. ती काय बाल्टिमोरला अंगणात मिळते?"

अर्नेस्टीननं झारा खाली ठेवला. फार सावकाश ठेवला. "काय म्हणालास? परत म्हण."

"मी म्हणालो की…"

"माझी टाच बाल्टिमोरला गेली होती, असं म्हणालास?"

डीकन काठीवर हात ठेवून उठू लागले. "माझं… म्हणणं… असं… की… जाऊन… बघू."

मग भर दुपारी गल्लीतून वरात निघाली. पुढे किल्ली हातात घट्ट धरलेला थॅडियस, मागे पिशवी छातीशी धरून ग्रिग्ज, त्याच्यावर थॅडियसची नजर, म्हणून थॅडियस निम्मा रस्ता उलटाच चालत होता. मग कमरेला फडका खोचलेली अर्नेस्टीन. डीकन शेवटी, एक घर मागे, मग दोन घरं मागे. दारात बसलेल्या बायका विचारत होत्या, "काय झालं गं? कुणी गेलं का?"

"अजून नाही," अर्नेस्टीन म्हणाली.

घरात शिरल्यावर थॅडियसनं आधी कुलूप तपासलं. ओरबाडलेलं नव्हतं. उघडलं. सगळ्यात वरच्या फळीवर, डावीकडून नववं वेष्टन. हात घातला.

रेकॉर्ड आत होती.

 थॅडियसनं ती उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली. त्याचीच. "मग… हिच्यावरून दुसरी करून घेतली असेल. आजकाल यंत्रं आली आहेत."

"लावून बघू या का?" ग्रिग्ज म्हणाला. "दोन्ही. एकामागून एक. चालेल ना?"

लावल्या. आधी थॅडियसची, बासपासून. टक, टक, टक. मग ग्रिग्जची. त्याच आवर्तनात, त्याच ठोक्यावर. टक, टक, टक. थॅडियसनं परत लावायला सांगितल्या. परत तेच. तिसऱ्यांदा मात्र त्यानं सांगितलं नाही. कारण कान खोटं बोलत नव्हता. कान कधीच खोटं बोलला नव्हता. आता तर लख्ख ऐकू येत होतं की ही टक कुणाच्या टाचेची नाही, दोन शहरांतल्या दोन तबकड्यांवर ती जन्मापासून आहे.

"साच्यातच खडा असणार," ग्रिग्ज हळूच म्हणाला. "छापल्या तेवढ्या सगळ्यांवर आला. मला तर वाटायचं, बाल्टिमोरच्या त्या बाईंनी…" आणि त्यानं जीभ चावली.

थॅडियस खुर्चीत बसला. ट्रॉलीचा ब्रेक लागत नसताना माणूस जसा बसेल तसा. बहिणीकडे बघायची त्याची हिंमत होईना, म्हणून त्यानं ग्रिग्जची रेकॉर्ड पुसली, पिशवीत घातली, आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरली. "तुमची जास्त स्वच्छ वाजते," तो म्हणाला. थॅडियस पर्नेलच्या तोंडून दुसऱ्याच्या रेकॉर्डबद्दल हे निघणं म्हणजे काय, ते डीकनना कळलं. त्यांनी टोपी काढली.

अर्नेस्टीन अजून उभीच होती. नियमाप्रमाणे चार पावलांवर.

"घे," थॅडियस टॉलिव्हरची रेकॉर्ड तिच्यापुढे करत म्हणाला. "लाव तू. तुझ्या हातानं लाव."

"मला नको ती."

"अगं घे ना!"

"मला ती कधी आवडलीच नाही, थॅड. सर्दी झाल्यासारखा वाजवतो तो माणूस." तिनं हात फडक्याला पुसले, कपाटाशी गेली, वाकली, आणि तिसऱ्या फळीवर, काळ्या पट्ट्यांच्या त्या सरळ रांगेतून, न चाचपडता, न मोजता, एक वेष्टन बाहेर काढलं. "ही लावते. यातला पियानो ऐका, ब्रदर ग्रिग्ज. डावा हात ऐका. रडू येईल."

थॅडियसनं वेष्टन बघितलं. मग फळी बघितली. मग बहीण.

"तिथं काय आहे ते तुला कसं कळलं?"

"का, कळू नये?"

"वर पट्टी आहे! नाव दिसत नाही!"

अर्नेस्टीननं रेकॉर्डच्या यंत्राचं झाकण उघडलं. "दर मंगळवारी तू निवृत्त ट्रॉलीवाल्यांच्या बैठकीला जातोस. मी इथं येते पडदे धुवायला. या एवढ्याशा घराचे पडदे धुवायला चार तास लागतात का रे, थॅडियस? कधी विचारावंसं नाही वाटलं?"

"कुलूप…"

"दुसरी किल्ली पिठाच्या डब्यात असते."

"कधीपासून?"

"कुलूप लावलंस तेव्हापासून. त्याआधी किल्लीची गरज नव्हती."

"किती ऐकल्यास?"

"सगळ्या. वरच्या दोन फळ्या दोनदा. तुला जे काही बरं वाटतं ना, त्यातलं निम्मं मला आधीच माहीत असतं. माझ्या तोंडात शब्द येतात आणि मी मासे वाढते."

थॅडियसनं तिच्या हातातली रेकॉर्ड घेतली. खिडकीशी नेली. तिरपी धरली, डोळ्यांशी आणली, गोल फिरवली. दुसरी काढली, तिसरी काढली. इतकी वर्षं कुणीतरी त्याच्या कपाटात हात घालत होतं आणि जगातल्या एकूणएक माणसावर संशय घेणाऱ्या या माणसाला पत्ता नव्हता, कारण एकाही तबकडीवर केसाएवढीही रेघ नव्हती.

ग्रिग्ज छताकडे बघत होता. हसू दाबायला त्याला तेवढीच जागा सापडली असावी.

 मग थॅडियसनं ती रेकॉर्ड परत तिच्या हातात दिली आणि यंत्रासमोरून खुर्ची बाजूला ओढली. "चौथ्या फळीवरच्या बऱ्याच मी अजून ऐकलेल्याच नाहीत," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "त्यात काही चांगलं आहे का?"

"आहे. दोन तर अशा आहेत की पिशवी क्लबात तुझ्यासकट कुणाला ओळखता यायच्या नाहीत. पण त्या मी माझ्या पिशवीतून आणणार. आणि त्याआधी मला काहीतरी ऐकायचंय. बावीस वर्षांचं आहे ते."

थॅडियसनं खाकरून घसा साफ केला. तो काहीतरी पुटपुटला.

"काय? डीकनना ऐकू नाही आलं."

"माझं चुकलं, अर्नेस्टीन! तू नव्हता पाडला तो ओरखडा!"

"मला… पहिल्यांदाच… आलं… होतं… ऐकू," डीकन म्हणाले, आणि त्यांचं वाक्य संपेपर्यंत अर्नेस्टीननं सुई टेकवली होती.