गावानं ठरवायचं होतं

माझ्या मुलीला आपल्यात घ्यायचं की नाही, हे स्वित्झर्लंडमधलं तीनशे माणसांचं एक गाव त्या संध्याकाळी ठरवणार होतं, आणि मी इकडे लंडनच्या पिनर उपनगरात स्वयंपाकघराचा ओटा तिसऱ्यांदा पुसत होते.

त्या गावात नागरिकत्वाचा अर्ज ग्रामसभेपुढे येतो. शाळेच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडतात, गावकरी जमतात, अर्जदाराला बाहेर उभं करतात आणि आत हात मोजतात. आम्हाला इथलं नागरिकत्व मिळालं तेव्हा कौन्सिलच्या हॉलमध्ये शपथ घेतली, फोटो काढला, घरी येऊन चहा प्यायलो. शेजाऱ्यांना पत्तासुद्धा नव्हता. तिथे मात्र चीज करणारा, पोस्टाच्या बसचा ड्रायव्हर, चर्चमध्ये झाडलोट करणारी बाई, सगळेच न्यायाधीश. मला धडकीच भरली होती.

धडकी भरायला कारण होतं, आणि ते कारण मीच होते.

दोन वर्षांपूर्वी मी तिच्याकडे राहायला गेले होते. गाव सुंदर, पण दडपण आणणारं. जळाऊ लाकडंसुद्धा फूटपट्टी लावून रचल्यासारखी. रस्त्यात दिसेल त्याला नमस्कार करायचा, ओळख असो वा नसो. लंडनच्या ट्यूबमध्ये तीस वर्षं नजर चुकवायला शिकलेली मी, पहिल्याच दिवशी चार जणांकडे न बघता तशीच पुढे गेले. ते एक वेळ चाललं असतं. पण रविवारी सकाळी मुलगी आंघोळीला गेलेली पाहून मी घरात साठलेल्या रिकाम्या बाटल्या पिशवीत भरल्या आणि कोपऱ्यावरच्या, जुनी काच गोळा करायच्या लोखंडी पेटीत एकेक करून टाकून आले. रिकाम्या हातानं बसणं मला जमत नाही ना! प्रत्येक बाटली खळ्ळकन फुटत होती आणि समोरच्या खिडकीतला पडदा हलत होता. रविवारी तिथे कुणी गवतसुद्धा कापत नाही, शांतता मोडणं म्हणजे मोठा अपराध, हे मला लंडनला परतल्यावर कळलं. मुलीला सांगायचं धाडस झालं नाही. दोन वर्षं मी मूग गिळून बसले.

फोन वाजला. "आई, मी बाहेर आहे. ते आत व्होट करतायत."

मला राहवेना. "अगं, एक सांगायचंय. मी आले होते ना, तेव्हा रविवारी बाटल्या मी..."

"माहीत आहे मला. समोरची म्हातारी त्याच दिवशी कम्प्लेन करायला आली होती. मी तिला सांगितलं, माझी मिस्टेक होती."

म्हणजे चूक माझी आणि नाव हिचं! आणि ती म्हातारी या क्षणी आत बसलेली. मी घाबरले की मला आधी राग येतो. "कुणी सांगितलं होतं तुला खोटं बोलायला? मला पुढे करायचंस! आता ती..."

"थांब, डोअर उघडलं."

फोन तिच्या हातातच राहिला असावा. पावलं ऐकू आली, मग टाळ्या, मग एका म्हाताऱ्या बाईचा जाडाभरडा आवाज. मग मुलगी, रडत की हसत कळेना.

"सगळ्यांनी येस म्हटलं, आई! आणि ही समोरची म्हणते, तिनं खिडकीतून तुलाच बघितलं होतं. मी खोटं बोलले ते तिला तेव्हाच कळलेलं."

"मग?"

"मग काय? म्हणते, तिच्या स्वतःच्या मुलीनं आईसाठी असं केलं नसतं."

मी काहीतरी बोलणार तोच कुणीतरी तिला हाक मारली आणि ती फोन बंद करायला विसरली. ती त्यांच्या बोलीत भराभरा बोलत होती, मोठ्यानं हसत होती. आमच्या घरात ती अशी हसलेली मला आठवत नाही. आनंद झालाच, का नाही होणार? पण त्या तीनशे माणसांचा मला जितका हेवा वाटला, तितका आयुष्यात कुणाचा वाटला नव्हता. एक शब्द कळत नव्हता, तरी मी फोन ठेवला नाही.