दमलेल्या पायांची परीक्षा

हॉस्पिटलच्या तळघरातल्या धुलाईखान्यात तिला सगळे ‘इंजिन’ म्हणायचे. ओल्या चादरींची गाडी दोघांच्यानेही हलायची नाही. ती एकटी कंबर लावून ढकलायची. तिथे खिडकी नव्हती. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे वरून येणाऱ्यांच्या कपड्यांवरून कळायचं.

रुग्णवाहिकेवर मदतनिसाची जागा निघाली आणि तिने अर्ज केला. फिरतीचं, उजेडातलं काम. परीक्षा एकच: लाकडी पायरीवर चढउतर करायची, मग नाडी किती लवकर शांत होते ते बघणार.

“हा तर माझ्या हातचा मळ,” ती नवऱ्याला म्हणाली.

परीक्षेच्या दिवशी मुकादमाने सुट्टी दिली नाही. “एवढा ढीग उपस आणि जा,” तो म्हणाला. ढीग उपसून ती तशीच वर गेली. पायरी चढली, पण नाडी आधीपासूनच धावत होती आणि नंतर खाली यायचं नाव घेईना.

“येण्याआधी काय करत होतात?” तपासणाऱ्या बाईंनी विचारलं.

“काम.”

“मग पायरीवर यायच्या आधीच तुम्ही दमलेल्या होतात. विश्रांती घेऊन परत या.”

पुढच्या वेळी तिने भांडून रजा मिळवली. पण घरी सासूबाई होत्या, अर्धं अंग लुळं पडलेल्या. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत, सगळं हिच्याच हातांवर. ते आटपून ती परीक्षेला आली. बाईंनी तिला आधी खुर्चीत बसवून ठेवलं. बसल्याबसल्या तिला डुलकी लागली. नाडी छान उतरली, पण पायरीवर अर्ध्यातच मांड्या थरथरल्या आणि ती खाली बसली.

“नाडी लवकर शांत होते, स्नायू इतक्यात सावरत नाहीत,” बाई म्हणाल्या. “चार दिवस काही उचलू नका. आता शेवटची संधी.”

घरी हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, “चार दिवस मला हात लावायचा नाही. पडून राहीन. मरत नाही मी.”

नवऱ्याला पाठीचं दुखणं. त्याला उचलणं जमत नव्हतं. दिराला फोन केला, तर तो “बघतो” म्हणाला, आणि बघतच राहिला.

तिने धुलाईखान्यातून चार दिवसांची रजा घेतली. पहिला दिवस कसाबसा गेला. रिकाम्या हातांचं काय करायचं हेच तिला सुचेना. दुसऱ्या संध्याकाळी आतून एकही हाक आली नाही, म्हणून ती उठली. सासूबाईंचं अंथरूण भिजलं होतं. चादरीचा कोपरा दातांत धरून त्या गप्प पडल्या होत्या.

“आई, कधीपासून?”

“तू जा. बस जा बाहेर.”

तिने त्यांच्या पाठीखाली हात घातला.

“अगं, तुझी परीक्षा...”

“गळ्यात हात टाका.”

मग उरलेले दिवसही ती उचलतच राहिली. परीक्षेत यावेळी ती जवळजवळ शेवटपर्यंत गेली. बाईंनाही वाईट वाटलं. “थोडक्यात राहिलं हो,” त्या म्हणाल्या.

घरात पाऊल टाकताच सासूबाईंनी विचारलं, “काय झालं?”

“जागा दुसऱ्या कुणाला तरी जाईल.”

सासूबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ती ताट घेऊन पलंगाशी बसली. त्या इकडे वळेपर्यंत थांबणं भाग होतं.