पहिलं मूल आजीचं

दोर्दोय बाजाराच्या मागच्या अंगाला, खेड्यांतून राजधानी बिश्केकला आलेल्यांची जी वस्ती आहे, तिथे मुलांचं एक केंद्र चालतं. विटांच्या दोन खोल्या आणि एक जुना लोखंडी कंटेनर. कंटेनरात स्वयंपाकघर, आणि त्या स्वयंपाकघरात गेली बारा वर्षं उमसुनाय. येणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांचे आईबाप बाजारात गाड्या ओढतात, उरलेल्यांचे रशियात. मुलं शाळा सुटली की इथे येतात, गृहपाठ करतात, एकमेकांच्या झिंज्या उपटतात आणि गरम सूप पितात. उमसुनाय अठ्ठेचाळीसची, अंगाने आडवी, जिभेने फटकळ. पातेल्यात डोकावणाऱ्याला पळीचा फटका ठरलेला. तरी मुलं तिच्याचभोवती घोटाळत, कारण कंटेनरात ऊब होती आणि फटका कधी लागत नसे.

मोठ्या बहिणीला म्हणावं तसं सगळे तिला 'एजे' म्हणत. रविवारी केंद्र बंद. त्या दिवशी तिचे हाल बघवत नसत. भाड्याच्या खोलीत ती एकटी, आणि एका माणसापुरता स्वयंपाक तिला जमतच नसे. नूडल्स इतके व्हायचे की बुधवारपर्यंत पुरायचे. दुपारी ती उगाचच केंद्रात येऊन चुलीची राख काढत बसे. कुणी विचारलं तर म्हणायची, "सोमवारी कोण काढणार, तुझा बाप?"

मुलगा होता तिला. एकोणिसाव्या वर्षी झाला होता, नारिनकडच्या गावात. पण पहिलं मूल नवऱ्याच्या आईबापांचं, असा आमच्याकडचा रिवाज. त्यात चोरून-लपवून काही नसतं. गावाला माहीत असतं, मूल मोठं झालं की त्यालाही माहीत असतं. बाळाला चाळिसाव्या दिवशी चाळीस चमचे पाण्याची आंघोळ घातली आणि उमसुनायने आपल्या हाताने त्याला सासूच्या मांडीवर ठेवलं. तेव्हापासून सासू साकिश ही त्या बाळाची, एर्निसची, आई, बाप त्याचा थोरला भाऊ आणि उमसुनाय त्याची वहिनी. घर एक, चूल एक, ताट एक, आणि तरी वहिनी. तिला पुढे दुसरं मूल राहिलं नाही. नवऱ्यापाठोपाठ ती बिश्केकला आली, आणि काही वर्षांनी नवरा छातीच्या दुखण्याने गेला. एर्निस गावीच वाढला, मग वेल्डिंग शिकून रशियात गेला. गेल्या वर्षी त्याचं एल्नुराशी लग्न झालं. सणासुदीला फोन करायचा. "वहिनी, बऱ्या आहात ना?" ती म्हणायची, बरी आहे. त्यापुढे दोघांनाही काय बोलावं ते सुचत नसे.

या वसंतात साकिश वारली, आणि ऑक्टोबरात एर्निसचा अवेळी फोन आला. "वहिनी, गुरुवारी येतोय. एल्नुराला आणि बाळाला घेऊन."

केंद्र चालवणारी जुमागुल तिथेच बसून गाजरं खात होती. तिला लगेच उमगलं.

"एजे, अगं तुला द्यायला आणतोय तो! पहिलं ना? म्हातारी गेली, आता हक्क कुणाचा? तुझाच!"

"काहीतरीच बोलू नकोस."

"मग पळी कुठे ओततेयस? सूप सांडतंय बघ."

उमसुनायने पळी ठेवून दिली. तिच्या मनात आलं ते असं, की हे मूल मला आई म्हणेल. रिवाजच तसा. कुणाच्या उपकाराने नाही, चोरून नाही, चारचौघांत, भर बाजारात आई म्हणेल. त्या चार दिवसांत तिने खोलीला चुना लावला, फ्लॅनेलचं कापड आणलं, खिडकीच्या फटी चिंध्यांनी बुजवल्या. स्वयंपाकघरात कोपऱ्यातला बटाट्यांचा ढीग हलवून पाळण्याला जागा केली.

"एवढी पोरं सांभाळतेस, त्यात आणखी एक," जुमागुल म्हणाली. "फक्त बटाट्याऐवजी त्यालाच सोलून ठेवू नकोस."

उमसुनाय इतकी मोकळी हसली की मुलं गृहपाठ सोडून बघायला आली.

गुरुवारी मुलांच्या जेवणाच्या वेळेलाच ती तिघं आली. एर्निस तीस वर्षांचा होत आला होता, बापासारखाच रुंद. चार महिन्यांचं बाळ त्याच्या हातात होतं. त्याने बसायच्या आधीच ते उमसुनायच्या मांडीवर ठेवलं. बाळाने तिचा अंगठा धरला.

"वहिनी, रिवाजाने हा तुमचा," एर्निस म्हणाला. "आई असती तर तिच्याकडे नेला असता. आता तुम्हीच. आम्ही परवाच्या गाडीने निघतो. हिलाही तिकडे गोदामात काम मिळालंय. पैसे पाठवत जाईन."

एल्नुरा दारापाशी उभी होती. वीस वर्षांची पोर, डोक्याला रुमाल, मान खाली. मोठ्यांसमोर सुनेने बोलू नये म्हणून गप्प. उमसुनायने तिला आत बोलावून चहा दिला. ती पेल्याला हात लावीना. तेवढ्यात बाळ रडायला लागलं. एल्नुरा एक पाऊल पुढे आली आणि थांबली, दोन्ही हात पाठीमागे घेऊन एकमेकांत घट्ट धरले. तिच्या झग्यावर छातीपाशी ओला डाग उमटला आणि बघता बघता पसरला.

उमसुनायने तो डाग पाहिला आणि नजर वळवली. बाळाला थोपटलं. म्हटलं, गप होईल. गप होईना. तिने पुन्हा पाहिलं. पोरगी रडत नव्हती, नुसती ओठ चावत होती. उमसुनायला वाटलं, आपण काही पाहिलंच नाही असं करावं. सासूने नव्हतं का केलं? महिन्याभरात दूध आटतं, वर्षभरात सवय होते. सगळ्यांचं असंच चालत आलंय.

"घे त्याला," ती एकदम म्हणाली. "भुकेला आहे."

एल्नुराने नवऱ्याकडे पाहिलं.

"त्याच्याकडे काय बघतेस? दूध तुझं आहे. घे आणि पाज. आणि बरोबर घेऊन जा."

"म्हणजे?" एर्निस उभा राहिला.

"म्हणजे मी नाही ठेवून घेत."

पलीकडच्या खोलीत मुलांच्या चमच्यांचा खणखणाट चालला होता. एर्निसचा चेहरा लाल झाला.

"लोक काय म्हणतील? परक्यांच्या पोरांना रोज जेवू घालता, आणि घरचं एक नको?" त्याचा आवाज चढला. "पण तुमचं बरोबर आहे. मलाही नव्हतंच ठेवलंत तुम्ही. आई सांगायची, हसत हसत आणून दिलंन म्हणून."

आतापर्यंत हे त्याने कधी काढलं नव्हतं. बोलून तोही चपापला.

"हसतच दिलं," उमसुनाय म्हणाली. "रडून देतात का? अपशकुन होतो. तू बोलायला लागलास तेव्हा पहिल्यांदा 'आई' म्हणालास ते माझ्याकडे बघून. चुलीपाशी. तुझी आई दारात उभी होती. मी तुला उचललं, तिच्याकडे बोट केलं आणि म्हटलं, आई ती, मी वहिनी. दिवसभर शिकवलं. संध्याकाळपर्यंत शिकलास. हुशार होतास."

एर्निस पुन्हा खाली बसला. कोपऱ्यात पाठमोरी बसून एल्नुरा बाळाला पाजत होती. तिचे खांदे हलत होते.

"हिला ते शिकवायला लावू नकोस," उमसुनाय म्हणाली. "बाकी मला काही म्हणायचं नाही."

"मला हे कधी सांगितलं का नाहीत?"

"सांगून काय करायचं होतं? तुला आई होती."

बाळ पोटभर पिऊन झोपलं. एल्नुराने त्याला फ्लॅनेलच्या नव्या कापडात गुंडाळलं, ते उमसुनायनेच दिलं. सोबत चार गोल पाव आणि उकडलेली अंडीही बांधून दिली, लांबच्या प्रवासाला लागतात म्हणून. जाताना एल्नुराने उमसुनायचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

एर्निस फाटकापर्यंत गेला आणि परत आला. उमसुनायच्या पुढ्यात उभा राहिला. त्याचे ओठ हलले, पण तो दोन अक्षरांचा शब्द बाहेर पडेना. उमसुनाय एप्रनला हात पुसत राहिली. तिला कळलं, त्याला काय म्हणायचंय ते. आयुष्यात दुसरं काही तिने इतकं मागितलं नव्हतं, आणि आता ते न मागता समोर उभं होतं. ती श्वास रोखून थांबली.

"येतो, वहिनी," एर्निस म्हणाला.

"या," ती म्हणाली. "सावकाश जा. बाळाला वारं लागू देऊ नका."